डाव्या मडगार्डवर

हे माझ्या सख्ख्या भावासोबत घडलेलं आहे आणि मी तिथे हजर होते. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पाहिलं तेवढंच सांगते.

ठिकाण भडगाव तालुक्यातलं, गिरणाकाठचं आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. दिवस यंदाच्या संक्रांतीचे. आणि वेळ… मध्यरात्र वगैरे नाही. संध्याकाळ. सूर्य अजून पुरता बुडालाही नव्हता.

घरात आम्ही अहिराणी बोलतो. सगळ्यांना कळावं म्हणून बरंचसं साध्या मराठीत लिहितेय.

मी हेमांगी. धुळ्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. धाकटा भाऊ गोपाल आणि त्याची बायको सोनल गावाकडे मळ्यात राहतात, शेती बघतात. आमचे वडील, म्हणजे नाना, गेल्या पावसाळ्यात वारले. आई त्यांच्या कितीतरी आधी.

नानांच्या मागे राहिली तीन एकर जमीन. थोडी लिंबाची बाग, बाकी कपाशी.

आणि राहिला तो ट्रॅक्टर.

माझ्यापेक्षा वयाने मोठा. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या कुठल्याशा गावातून नानांनी तो जुनाच आणला होता. कोणाकडून, ते कधी सांगितलं नाही.

नानांचा त्याच्यावर फार जीव, असं गावात सगळे म्हणायचे. काम असो नसो, दिवस कलला की नाना ट्रॅक्टर काढायचे आणि रानात फेऱ्या मारत बसायचे. अंधार पडेपर्यंत. अंगात ताप असला तरी. आई दारात उभी राहून रागावली तरी.

आम्ही हसायचो.

खरं तर भाऊबंदांत जमिनीच्या वाटण्या झाल्यावर तो ट्रॅक्टर आम्हाला सोयीचा राहिलाच नव्हता. लिंबाच्या दोन ओळींमध्ये तो मावत नव्हता. घुसवला तर फांद्या मोडायचा. वळवायला अर्धं शेत लागायचं. स्टेअरिंग इतकं जड की गोपालचे दंड भरून यायचे. फवारणीचा पंप त्याच्यावर नीट चालत नव्हता. काही तुटलं तर धुळ्याच्या भंगारात हुडकत फिरायचं.

सोनल म्हणायची, "देऊन टाका तो. बागेत फिरेल असा एक छोटा ट्रॅक्टर घेऊ."

गोपालला ते पटलं होतं. दिवाळीनंतर मात्र तो त्या विषयावर गप्प राहायला लागला.

आणि रोज संध्याकाळी ट्रॅक्टर बाहेर काढायला लागला.

संक्रांतीला मी गेले तेव्हा सोनलने मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं.

"अक्का, हसू नका. पण ते ट्रॅक्टरवर एकटे नसतात."

"म्हणजे?"

"चला. दाखवते."

कपाशी उपटून रान मोकळं झालं होतं. भुसभुशीत माती. त्यात आदल्या संध्याकाळच्या चाकांच्या खुणा होत्या. उजव्या चाकाची खूण साधी. आणि डाव्या चाकाची…

जवळजवळ दुप्पट खोल.

पूर्ण शेतभर. प्रत्येक फेरीला.

जसं त्या बाजूला, मडगार्डवर कोणीतरी बसलं होतं. आपल्याकडे माणसं बसतात तसं. पण एका माणसाच्या वजनाने मागचं चाक एवढं रुतत नाही.

"हवा कमी असेल," मी म्हटलं.

"हवा बघितली," सोनल म्हणाली. "मी काय काय बघितलं, तुम्हाला काय सांगू…"

तिचे डोळे भरून आले. मग मीच हट्ट धरला. एरंडोलच्या एका दुकानातून छोटा ट्रॅक्टर दाखवायला बोलावला. दुसऱ्याच दिवशी दुपारी किरण नावाचा तिथला माणूस तो गाडीत घालून घेऊन आला.

त्या दिवशी सकाळी गोपालने जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी काढली आणि ओट्यावर आणून ठेवली.

"कशाला काढली?" मी विचारलं.

"आज नको निघायला," तो म्हणाला. बस, एवढंच.

छोटा ट्रॅक्टर बागेत सुरेख चालला. ओळीत शिरला, जागच्या जागी वळला, एकही फांदी मोडली नाही. किरणने गोपालला बसवलं. किती तरी महिन्यांनी मी माझ्या भावाला हसताना पाहिलं.

"गोपालभाऊ, तुमच्या तीन एकराला हा बास झाला," किरण म्हणाला. "तो हत्ती कशाला पोसता?"

गोपाल मान हलवत होता. सोनलने तर चहा ठेवायला जाता जाता मनातल्या मनात घेऊनही टाकला होता, तोंडावरच दिसत होतं. ऊन गिरणेपलीकडे उतरत होतं.

आणि तेवढ्यात…

शेडमधून आवाज आला.

धड्… धड्… धड्…

आम्ही सगळे इथे होतो. शेडपाशी कोणी नव्हतं. मी वळून ओट्याकडे पाहिलं.

बॅटरी तिथेच होती.

गोपालच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. कोणी दिवा मालवावा तसं. तो छोट्या ट्रॅक्टरवरून उतरला.

"येतो," तो म्हणाला.

आम्हाला नाही म्हणाला.

आम्ही त्याच्या मागे धावलो. शेडमध्ये ट्रॅक्टर थरथरत होता, पत्रे वाजत होते. गोपालने इंजिन बंद करायची दांडी ओढली. आवाज थांबला नाही. पुन्हा ओढली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, लहानपणी अंधाराला घाबरून बघायचा तसं.

आणि तो वर चढला.

मी शपथेवर सांगते, तो स्वतःहून चढला नाही. त्याचा एक पाय मागे ओढत होता.

ट्रॅक्टर शेडमधून निघाला आणि मोकळ्या रानात फिरायला लागला. एक फेरी. दुसरी फेरी. "उडी मारा हो, उडी मारा!" सोनल ओरडत होती. किरण यंत्रातला माणूस. तो बाजूने पळत गेला आणि इंजिनाची डिझेलची नळी उपटून काढली. सगळं डिझेल मातीत सांडलं.

इंजिन चालूच…

किरण जागीच थबकला. "ताई, असं होऊच शकत नाही," म्हणाला.

मी पळत ट्रॅक्टरच्या बाजूला गेले. गोपालचा हात पकडला. बर्फासारखा गार.

"गोपाल, उतर!"

"उतरू देत नही, अक्का."

तेव्हा मला दिसलं… त्याच्या डाव्या खांद्यावरचा शर्ट चुरगळून गोळा झाला होता. आत दाबला गेला होता. जशी कोणी मूठ आवळून धरली आहे. आणि त्याच्या मागे, डाव्या मडगार्डचा पत्रा मधोमध वाकलेला होता. फेरीला धक्का बसला की तो आणखी खाली जायचा.

तिथे कोणी नव्हतं. नुसती हवा.

मी हात जोडले. मला दुसरं काही सुचलंच नाही.

"नाना, सोडा हो त्याला! तुमचा लेक शे तो!"

गोपालने मान वळवली. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"अक्का… हाऊ नाना नही शे."

हे नाना नाहीत.

माझे पाय तिथेच थांबले. ट्रॅक्टर पुढे गेला. पूर्ण वेढा मारून पुन्हा माझ्यासमोर आला तेव्हा तो म्हणाला,

"नानालेबी यानी उतरू दिधं नही. कधीच."

नानांनाही. रोज संध्याकाळी. तापात. आई रागावत असताना. ते सगळं आम्हाला वेड वाटत होतं, जीव वाटत होता. आम्ही ओट्यावर बसून हसत होतो आणि आमचे नाना तिथे एकटे…

नाही. एकटे नव्हते.

मी बांधावर बसून राहिले. सोनल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. समोर माझा भाऊ फिरत होता आणि मला काहीही करता येत नव्हतं. इतकं हतबल मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

अंधार पडला. इंजिन आपोआप बंद झालं. गोपाल खाली उतरला, सरळ घरात गेला आणि जेवण न करता झोपला. किरणने आपला ट्रॅक्टर गाडीत चढवला. आम्ही त्याला थांबवलं नाही. तो आता माझा फोन उचलत नाही.

त्यानंतर मी गोपालला धुळ्याला घेऊन गेले. म्हटलं, इथे काय करेल ते? संध्याकाळी तो गॅलरीत उभा होता. अचानक खांदा धरून खाली बसला आणि किंचाळायला लागला. तेवढ्यात सोनलचा फोन आला. मागे तोच आवाज येत होता. ती फक्त रडत होती.

गोपाल मिळेल त्या बसने परत गेला.

आता गोपाल आजारी आहे. टायफॉइड. भडगावला दवाखान्यात भरती केलंय, सलाईन चालू आहे. ज्या दिवशी भरती केलं त्याच दिवशी मी सुट्टी टाकून मळ्यात आले, सोनलच्या सोबतीला.

आल्याच्या दिवशी ऊन उतरलं आणि शेडमधून आवाज आला. सोनलने माझा हात घट्ट धरला.

पुढचं मला नीट आठवत नाही. जे सांगते ते सोनलने सांगितलेलं आहे.

तो ट्रॅक्टर त्या संध्याकाळी मी चालवला.

मला सायकलसुद्धा धड येत नाही.

सोनल म्हणते, मी गिअर बदलत होते, बांधाशी बरोबर वळत होते. ती हाका मारत मागे पळत होती आणि मी बघतही नव्हते. मला आठवतं ते एवढंच… डाव्या खांद्यावरचं वजन. आणि वळून बघायचं होतं, पण मान वळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले. गोपालने माझा खांदा बघितला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"आपण तो विकून टाकू," मी म्हटलं.

"कोणाच्या घरी पाठवू, अक्का? त्याच्याही घरी बायका-पोरं असतील."

"मग भंगारात देऊ. माझ्यासमोर तुकडे करून घेते."

नर्स आली, सलाईन बघून गेली. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं,

"तुकडे केले… मग ते बसेल कुठे?"

तुमच्याकडे याचं उत्तर असेल तर सांगा.

गोपालला अजून घरी सोडलेलं नाही. मी सुट्टी वाढवून मळ्यातच थांबले आहे. मी गेले तर इथे सोनल एकटी उरेल, आणि तिच्यावर ती वेळ येऊ नये, इतकंच मला करता येतं.

अंगणातलं ऊन भिंतीवर चढलंय.

सोनल दाराला आतून कडी लावतेय. लावू दे. तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे, की थोड्या वेळाने ती मीच काढणार आहे.