पान एकशे बाराचा समास

"तुम्ही माझं म्हणणं खोडताय," समोरून कुणीतरी म्हणालं.

तिने मान वर केली. हातात खोडरबर तसाच. परत आलेल्या पुस्तकांतल्या पेन्सिलीच्या खुणा पुसणं हे ग्रंथालयातलं तिचं रोजचं काम. काही देश श्रीमंत आणि काही गरीब का, हे सांगणाऱ्या या जाडजूड पुस्तकाच्या समासात कुणीतरी बारीक अक्षरात भांडत होतं... ते हे महाशय तर. समाजशास्त्राचे नवे प्राध्यापक.

"वाचून मगच खोडते," ती म्हणाली. "गरीब देश नुसते मागे पडलेत, त्याच जिन्याने तेही वर येतील, असंच ना तुमचं म्हणणं? पण वर गेलेल्यांनी खालच्या पायऱ्याच काढून नेल्या असतील तर?"

त्याने टेबलावरची पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. मग हळूच म्हणाला, "हे... समासात लिहाल?"

नियमाविरुद्ध होतं. तिने लिहिलं.

मग दर पंधरा दिवसांनी पुस्तक येई, जाई. तो लिही, ती उत्तर देई, त्याने वाचलं की पुसून टाकी. पुसताना हल्ली हात जड होई.

एका दुपारी त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि तसाच उभा राहिला. "मला दोन वर्षांसाठी बोलावलंय. तिकडे... श्रीमंत देशात."

"अभिनंदन." तिने शिक्क्याची गादी उगाच सरळ केली.

"मी परत येणार आहे."

"सगळे असंच म्हणतात. पान एकशे बारा." त्या पानावर शिकायला गेलेल्या आणि तिकडचेच झालेल्या माणसांचा तक्ता होता.

"तक्ता करणाऱ्याने तुम्हाला पाहिलं नव्हतं," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. "उघडा तरी ते पान."

तिने उघडलं. तक्त्याशेजारी, समासात, एकच शब्द — थांबाल?

खोडरबर तिने बाजूला सारला. पेन्सिल घेऊन खाली काहीतरी लिहिलं, शिक्क्यावरचं साल दोन घरं पुढे सरकवलं, परतीची तारीख उमटवली आणि पुस्तक त्याच्यापुढे केलं.

त्याने वाचलं. 'हो.'

"आणि... हे पुसायचं राहिलं," तो कसाबसा म्हणाला.

"मी परत आलेल्या पुस्तकांतलंच पुसते," ती म्हणाली. "घेऊन या. मग बघू."