बहात्तर अंगठे

केदार टेंभेकरांची गाडी ताशी दोनशे चाळीसच्या वेगाने सुटली होती, आणि तिच्या बॉनेटवर अश्विनीबाईंनी मिरच्या वाळत घातल्या होत्या.

सांगलीतल्या त्या सोसायटीच्या पार्किंगमधून ही लाल हॅचबॅक गेली अकरा वर्षं तसूभरही हललेली नव्हती. जुन्या पेट्रोल गाड्यांना रस्त्यावर बंदी आली तेव्हा शहाण्या माणसांनी त्या भंगारात घातल्या. टेंभेकरांचा जीव अडकलेला. हा माणूस वीस वर्षांत साठच्या वर गेला नव्हता. ॲव्हरेज पडतं म्हणून घाटाच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायचा आणि बायको देवाचं नाव घेत दाराची कडी धरून बसायची. अशाच लोकांसाठी बाजारात भासइंजिन आलं. मूळचं आठशे सीसीचं इंजिन काढायचं, त्या जागी पोळ्यांच्या डब्याएवढं यंत्र बसवायचं, की पडद्यावर यादी हजर: आठ सिलिंडरचं, बारा सिलिंडरचं, शर्यतीचं, हौस असेल तर विमानाचंसुद्धा. बोट लावाल ते इंजिन म्हातारीच्या पोटात.

गाडी जागीच राहायची. पळायचा तो आत बसलेला माणूस.

"काका, तुमच्या कानाच्या आत पाणी भरलेल्या बारीक नळ्या आहेत," डॉ. नाझनीन मुजावर गाडीच्या खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सांगत होत्या. तोल कसा राखला जातो, हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. "आपण हललो की ते पाणी हलतं, आणि मेंदूला कळतं, चाललो. छतात बसवलेली चुंबकं ते पाणी नुसतंच ढकलतात. मेंदू फसतो."

"फसवायलाच तर बसवलं होतं," केदारराव म्हणाले. गाल मागे ओढल्यासारखे, मान सीटला टेकलेली.

"पण खऱ्या गाडीची उसळी दहा सेकंदांत संपते. तुमची तीन वर्षं रोज तासाच्या वर चालली, आता तर थांबतच नाही. जे सतत मिळतं त्याला मेंदू शून्य धरतो. चष्मा नाकावर आहे हे नाक विसरतं ना, तसं. आता तुमचं शून्य इथे आहे." त्यांनी पडद्यावरच्या बारा सिलिंडरच्या चित्रावर बोट ठेवलं. "उसळी थांबली की तुमचं शरीर म्हणतं, पडलो. कंपनीने माणशी दिवसाला वीसच मिनिटं ठेवली होती, ती याचसाठी."

केदाररावांनी यावर काचेबाहेर पाहिलं. यंत्र अंगठा ओळखायचं आणि त्या अंगठ्याची वीस मिनिटं संपली की बंद व्हायचं. पण घरात माणसं चार: ते, बायको अश्विनीबाई, सासूबाई आणि लेक ऋजुता. बाकीच्या तिघींना गाडीत बसल्यावर मळमळायचं. मग त्यांची मिनिटं काय फुकट घालवायची? टेंभेकरांच्या घरात काही वाया गेलेलं कुणी पाहिलेलं नाही. रोज सकाळी तिघी येऊन अंगठा लावून जायच्या आणि यजमान ऐंशी मिनिटं उडायचे.

बारा दिवसांपूर्वी ती ऐंशी मिनिटं संपली आणि कुणीतरी सीटसकट विहिरीत ढकलावं तसे केदारराव कोसळले. उभं राहता येईना, घोटभर पाणी पोटात ठरेना. शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी अंगठा लावला तेव्हा कुठे श्वास परत आला. दिवसाच्या चोवीस तासांना बहात्तर अंगठे लागतात. तेव्हापासून सोसायटीतली माणसं भाजीची पिशवी हातात घेऊन पार्किंगमध्ये रांग लावत होती. जेवणखाण गाडीतच; बाकीच्यासाठी एक बादली आणि चारी काचांना पडदे.

"उतरायचा रस्ता आहे," डॉक्टर म्हणाल्या. "बारावरून आठ, आठवरून सहा, मग तुमचं जुनं तीन सिलिंडरचं, मग बंद. दोन आठवडे हाल होतील, पण उतराल."

"रविवारी नातीचं बारसं आहे. ते होऊ दे, मग काढा माझे हाल."

"काल नातीचं इंजेक्शन होऊ दे म्हणालात, परवा एकादशी." डॉक्टर उठल्या, पण गेल्या नाहीत. आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. बाळाला गाडीत घेऊ नका. तुमच्या मेंदूने शून्य बदललं. तिच्या मेंदूने अजून ठरवलेलंच नाही. या आठवड्यांत जे मिळेल, तेच ती धरून बसेल."

ही गोष्ट केदाररावांनी घरात कुणालाही सांगितली नाही. सांगितली असती तर नात खिडकीशीसुद्धा आली नसती.

रविवारी तिसऱ्या मजल्यावरून पाळण्याची गाणी खाली ऐकू आली. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीत धपाटे बसले, हशा झाला. मग पंगत बसली, आणि रडून लालबुंद झालेल्या लेकीला घेऊन ऋजुता खाली उतरली.

"मैत्रेयी ठेवलं, बाबा. सकाळपासून भोकाड थांबत नाही. एक मिनिट धरा, तुमचे आशीर्वाद तरी लागू देत."

केदाररावांनी तोंड उघडलं. 'नको' हा शब्द ओठापर्यंत आला, आणि तोवर हात पुढे झाले होते.

खिडकीतून आत येताच पोर गप्प झाली. डोळे मोठे केले, मुठी आवळल्या, आणि आजोबांच्या छातीवर झोपून गेली.

"अगं बाई! बाबा, तुम्ही जादूगार आहात!" ऋजुताने तिला उचलायला हात घातला. खिडकीबाहेर येताच पोर अशी किंचाळली की वरच्या गॅलरीत माणसं आली. परत आत ठेवली. गप्प.

"राहू दे घटकाभर. मी चार घास खाऊन येते."

पडद्यावरचा आकडा तीन मिनिटांवर आला होता. सुट्टीचा दिवस, निम्मी सोसायटी गावाला, निम्मी वर पंगतीत. अश्विनीबाई धापा टाकत आल्या, आकडा पाहिला. घरच्यांचे अंगठे सकाळीच खर्च झालेले. "अहो, थांबा, आणते कुणालातरी!"

त्यांचा आवाज जिन्यातून वर गेला, आणि वरून उत्तरं आली. पानावरून उठून कसं चालेल? हात श्रीखंडाने बरबटलेत, वहिनी, यंत्र घेणार का?

दोन मिनिटं. केदाररावांनी हॉर्न दाबला. मूळ बॅटरी कधीच गेलेली.

एक मिनिट. विहीर त्यांना दिसू लागली. दार उघडून नातीला बाहेर ठेवावं, तर ठेवायला पुढ्यात फक्त फरशी. आणि उतारावर इंजिन बंद करण्यात ज्याचा हातखंडा, त्या माणसाला आता त्या बंद होण्याच्या आठवणीनेच घाम फुटला होता.

त्यांनी झोपलेल्या पोरीची मूठ उघडली. आतला अंगठा शेंगदाण्याएवढा, कोरडा, स्वच्छ. तो यंत्राच्या काचेवर टेकवला.

पट्टी हिरवी झाली. नवीन प्रवासी, स्वागत आहे. वीस मिनिटं.

मैत्रेयी झोपेत हसली. जिन्यावरून अश्विनीबाई चार माणसांना हात पुसायला लावत उतरत होत्या. "अहो, आले, आले सगळे!" केदाररावांनी ती चिमुकली मूठ पुन्हा मिटून आपल्या हाताखाली झाकली. आणि आयुष्यभराच्या सवयीने, त्यांना न विचारताच, त्यांच्या मनाने आकडा मांडला: उद्यापासून बाकीचे एकाहत्तरच पुरतील.