मुलाम्याचं ताट

दिवा आहे तेवढाच राहू दे, वात पुढे सारू नकोस. तुला घाबरवायला मी बसलेली नाही. कुणाचे उपकार झाले की ते चार माणसांत बोलावेत, एवढंच मला कळतं. आता उपकार करणारा जिवंत माणूस नव्हता, त्याला मी काय करू?

मी इथे सिंगापूरला आले ती अश्लेषाच्या, माझ्या लेकीच्या बाळंतपणाला. दोनदा तिची कूस उजवता उजवता राहिली होती. त्यामुळे या खेपेला मुलगा हातात आला तेव्हा त्याला साधी शिंक आली तरी घरभर धावपळ व्हायची. मला हसायला यायचं, पण सगळ्यांत पुढे मीच धावत असे.

शेजारच्या फ्लॅटमध्ये मादाम ओडील राहतात. फ्रेंच बाई, सत्तरीच्या, एकट्या. बाळ बघायला आल्या त्या एक जड पुडकं घेऊन. आत ताट निघालं. आपल्या नैवेद्याच्या ताटाएवढं, काठाला द्राक्षाच्या वेलीची नक्षी, आणि सगळं सोनेरी. त्यांच्या पणजीच्या घरातलं. बाळ झालं की चांदी द्यायची रीत त्यांच्याकडेही आहे म्हणे.

सोन्याचं नव्हतं हं ते. आत चांदी, वर सोन्याचा मुलामा. अश्लेषा इथे धातूंवरच्या लेपांचं संशोधन करते, त्यामुळे तिची कळी खुलली. तिने भिंग आणून मला ताटामागचे शिक्के दाखवले. एक घडवणाऱ्याचा, एक चांदीचा कस सांगणारा. द्राक्षाचा एकेक मणी वेगळा ठोकून उठवलेला होता.

"आई, हा मुलामा विजेवर चढवलेला नाही. जुन्या पद्धतीचा आहे. सोनं पाऱ्यात कालवायचं, लोण्यासारखं झालं की चांदीवर चोपडायचं आणि ताट निखाऱ्यांवर धरायचं. पारा उडून जातो, सोनं राहतं."

"आणि उडालेला पारा कुठे जातो?"

"धरणाऱ्याच्या छातीत. हे कारागीर फार जगायचे नाहीत गं. आधी हात थरथरायला लागायचे, मग दात पडायचे."

मी मनातल्या मनात हळहळले आणि ताट देवांजवळ उभं करून ठेवलं.

पुढे बाळाच्या तिटीसाठी काजळ हवं झालं. डोळ्यांत घालायला अश्लेषाने साफ बंदी केली होती. "गालावर लाव काय ती तुझी तीट," एवढी सूट मिळाली. विकतचं काजळ मला चालत नाही. घरी धरायचं तर निरांजनावर उपडं घालायला तांब्याचं नाहीतर चांदीचं भांडं लागतं, आणि या पोरीच्या स्वयंपाकघरात सगळं स्टील नि नॉनस्टिक! माझी नजर त्या ताटावर गेली. वरून सोनं, आतून चांदी. बाळाच्या काजळाला याहून चांगलं काय मिळणार?

त्या दुपारी अश्लेषा दवाखान्यात तपासणीला गेली होती. जावई, सारंगराव, चांगी बिझनेस पार्कात आपल्या बँकेत. घरात मी आणि बाळ. आभाळ असं भरून आलं की भर दुपारी खोलीत काळोख झाला. पासिर रिसच्या समुद्राकडून वारा सुटला. मी गॅलरीचं काचेचं दार ओढून घेतलं, खिडक्या लावल्या, चाकांचा पाळणा जवळ घेतला. निरांजनात एरंडेल घातलं, वात लावली आणि दोन वाट्यांच्या आधारावर ताट उपडं ठेवलं.

वात विझली.

मी पुन्हा लावली. पुन्हा विझली. वाऱ्याने विझावी तशी नाही, आपण चिमटीत धरून विझवतो ना, तशी. आणि कोळशाचा वास यायला लागला. खाली बार्बेक्यूच्या ओट्यावर कुणी सॅटेच्या, त्या मांसाच्या काड्या भाजत असेल, असं मी म्हटलं. मग लक्षात आलं, बाहेर धो धो पाऊस लागलाय... कोण भाजणार?

मी हट्टी आहे. आणखी एकदा वात लावली. या वेळी ज्योत चांगली धरली. ताटाखाली काजळी जमू लागली असावी, कारण तेलकट, ऊबदार वास आला. आणि त्याबरोबर एक आवाज. किण... किण... किण... वाट्यांवर ताट थरथरत होतं.

तेव्हा मला हात दिसले.

ताटाच्या पलीकडच्या काठावर दोन हात. बाह्या दुमडलेल्या, बोटं भाजून काळवंडलेली. ते ताट उचलू पाहत होते आणि त्यांना ते धरवत नव्हतं, इतके थरथरत होते. मी नजर वर केली. केस काळेभोर, तरणाबांड माणूस. पण तोंड मात्र बोळकं झालेलं.

कसंबसं म्हणाले, "कोण...? काय हवंय...?" मराठीतच म्हणाले. भुताला कुठली भाषा येते, हे तेव्हा कुणाला सुचतं?

तो माझ्याकडे बघत नव्हता. पाळण्याकडे बघत होता.

"त्याच्याकडे नाही..." माझा आवाज मलाच ऐकू येईना. "काय न्यायचं ते माझं ने... त्याला हात लावू नकोस..."

त्याने मान हलवली. सावकाश, नाही म्हणावं तशी. मग एक हात ताटाखाली घालून ज्योतीवर पालथा धरला. ज्योत त्या तळव्याखाली चेपली, पण मांस जळाल्याचा वास आला नाही. दुसऱ्या हाताने त्याने पाळणा ढकलला. चाकं फरशीवरून घरघरत गेली, थेट बाहेरच्या दारापर्यंत.

मी कशी उठले, सांगता येत नाही. बाळाला छातीशी धरलं, दार उघडलं आणि कॉरिडॉरमध्ये धावले. पावसाचा गार वारा तोंडावर आला. मागे वळून पाहिलं तर खोलीत अंधार होता.

मादाम ओडीलनी आम्हाला आपल्या घरात बसवून ठेवलं. अश्लेषा आली, तिने निरांजनावर ताट पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली. आधी सगळ्या खिडक्या उघडल्या, मग मला म्हणाली, "आई, हे किती वेळ तापवलंस?"

"तापलंच कुठे गं? वात धरतच नव्हती..."

तिने ताट प्रयोगशाळेत नेलं. मुलाम्यात थोडा पारा राहतोच, म्हणाली, पण या ताटाच्या मधोमध फार राहिला होता. "मुलामा देणारा निखाऱ्यांवरचं काम अर्धवट टाकून उठला असावा. बंद खोलीत हे ताट तापत राहिलं असतं तर बाळ..." माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. माझं आणि बाळाचं रक्त तपासलं, दोघांचंही स्वच्छ निघालं.

काम टाकून तो का उठला, हे मला अश्लेषाने सांगायची गरज नव्हती. तो उठला नव्हता गं, तिथेच पडला होता.

त्याच्यामागे कुणी होतं की नाही, देव जाणे. दुसऱ्या दिवशी मी गुरगुट्या भात केला, दात नसलेल्या माणसाला चावावा लागू नये असा. त्यावर दूध-साखर घातली आणि गॅलरीत ठेवून हात जोडले. "बाबा रे, तुझं नाव मला ठाऊक नाही. पण तुझ्यामुळे माझा नातू आहे. मी मरेपर्यंत विसरणार नाही." साळुंक्या आल्या आणि भात खाऊन गेल्या. मी म्हटलं, पोचला.

पण एवढ्यावर राहिलं नाही. चार दिवसांनी मी बाळाला न्हाऊ घालायला पायांवर घेतलं. त्याच्या पायांत पुण्याच्या सोनाराकडचे वाळे आहेत, बारशाला घातलेले, साधे चांदीचे. पाय असे गुबगुबीत झालेत की वाळे आता कापल्याशिवाय निघायचे नाहीत. तेल लावताना मी थबकले. डाव्या पायातला वाळा सोनेरी झाला होता.

अश्लेषाने भिंगाखाली पाहिलं, कणभर खरवडून प्रयोगशाळेत नेलं. संध्याकाळी आली ती पर्स न ठेवताच माझ्याजवळ येऊन बसली.

"तसाच मुलामा आहे, आई. हाताने चोपडलेला, निखाऱ्यांवर धरलेला."

"आणि पारा...?"

"औषधालाही नाही. पाऱ्याशिवाय असा मुलामा होतच नाही, आणि यात पारा नाही."

मी वाळा सरकवून बाळाचा पाय पाहिला. निखाऱ्यावर धरलेल्या त्या वाळ्याखाली कातडी लोण्यासारखी मऊ होती, कुठे लालीसुद्धा नाही. बाळ खुदकन हसलं. मला रडू आलं. आनंदाचं, खरंच सांगते. इतकं जपून कुणी जिवंत माणसानेही केलं नसतं.

सारंगराव विचारतात, आई, परतीचं तिकीट कधीचं काढू? मी म्हणते, राहते आणखी थोडे दिवस. उजव्या पायातला वाळा अजून चांदीचाच आहे, आणि चांगला कारागीर जोडीतला एकच नग करून थांबत नाही. म्हणून रोज पाळण्याला लागून माझं अंथरूण घालते, आणि गॅलरीचं दार उघडं ठेवते.