सांगवदरा, तीन चाळीस

माझं काम हवामान केंद्रं सांभाळण्याचं. शाळेच्या मैदानात नाहीतर ग्रामपंचायतीच्या मागे तारेच्या कुंपणात एक खांब उभा असतो, तो तुम्ही पाहिला असेल. त्यावर वारा मोजणाऱ्या वाट्या, पांढऱ्या डब्यात तापमापक, खाली पाऊस मोजायचं भांडं. दर दहा मिनिटांनी तिथले आकडे आमच्या नगरच्या ऑफिसात येतात. कुठे काही बिघडलं की मी मोटारसायकल काढतो.

म्हणजे वादळ होऊन गेलं की माझं काम सुरू होतं. मी पोचतो तेव्हा गारा वितळलेल्या असतात. झोडपलेली डाळिंबं, फुटलेली कौलं, बांधावर मरून पडलेली बगळ्यांची पिल्लं, एवढंच माझ्या वाट्याला येतं. लोक सांगतात, लिंबाएवढी गार होती, अशी आली, तशी आली, आणि मी ऐकत राहतो. बारा वर्षांत एकही गारपीट मला अंगावर भेटली नव्हती. याची मला खंत होती, हे आज सांगायलाही लाज वाटते.

सांगवदरा जामखेडच्या पुढे, खर्ड्याच्या अंगाला. चाळीसेक घरं, एक चिंच, बाकी बाभळी. मार्चपासून टँकर. तिथलं केंद्र चार वर्षांचं. ऑफिसात आकडे तपासणारा फैयाज एक दिवस मला म्हणाला, "सुहास, तुझ्या सांगवदऱ्याला वर्षातून एकदा वेड लागतं बघ."

त्याने तीन वर्षांचे आकडे दाखवले. तिन्ही वर्षी चोवीस एप्रिल. तीन चाळीसला तापमान एक्केचाळीस. तीन पन्नासला एकोणीस. वाऱ्याचा झोत ताशी शहाण्णव किलोमीटर. चार दहाला पुन्हा एक्केचाळीस, वारा शांत. आजूबाजूच्या एकाही केंद्रावर काही नाही. उपग्रहाच्या चित्रात ढगाचा ठिपकाही नाही. आणि तिन्ही वर्षांचे आकडे दशांशापर्यंत सारखे.

"सेन्सर गेलाय," फैयाज म्हणाला.

"सेन्सर तारीख पाळत नाही," मी म्हणालो.

पुढचा चोवीस एप्रिल तीन आठवड्यांवर होता. मी ऑफिसात दुरुस्तीचं कारण लिहिलं आणि त्या दिवशी गेलो. खरं म्हणजे मी बघायला गेलो होतो.

एक वाजता पोचलो. केंद्राच्या कुंपणाची किल्ली समोरच्या घरातल्या राहीबाईंकडे असायची. साठीच्या पुढच्या, कोरड्या अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी किल्ली दिली आणि विचारलं, "आजच आलात?"

"आजच सवड मिळाली."

मी सगळं तपासलं. बॅटरी ठीक, तारा ठीक. माझ्याजवळचा हातातला तापमापक आणि केंद्राचा, दोघांत दोन दशांशाचा फरक. आकाश रिकामं, पांढरट निळं. चिंचेचं पान हलत नव्हतं.

अडीचच्या सुमाराला बायकांनी बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया उचलल्या. मग शेळ्या आत गेल्या. किराणा दुकानाचं शटर खाली आलं. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. लग्नाआधी घर आवरतात तशी नव्हे, प्रेत न्यायच्या आधी आवरतात तशी ती आवराआवर होती. तीन वाजता रस्त्यावर मी एकटा होतो.

राहीबाईंचा मुलगा सुनील ओट्यावर आला. माझ्याच वयाचा, ट्रॅक्टर चालवणारा माणूस. "साहेब, आत या."

"मी बाहेरच थांबतो. काम आहे."

"आत या, न्हाईतर गाव सोडून जा. दोनीतलं एक करा."

"काय होतं इथे?"

त्याने केंद्राकडे हनुवटी उडवली. "तुमचं मशीन सांगतंय की सगळं. आमाला कशाला इचारता?"

मी ओट्यावर थांबलो. तीन चाळीस झाले. काहीच झालं नाही, आणि मला चक्क वाईट वाटलं. मग वास आला, तापल्या मातीवर पाणी पडल्याचा. हातातल्या तापमापकाचे आकडे उतरायला लागले. अडतीस. तेहतीस. पंचवीस. ऊन तसंच होतं, माझी सावली पायाशी तशीच काळी होती, आणि माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

गावाच्या वरच्या टोकाला पत्र्यावर एक ठोका पडला. दुसरा. मग एकदम सगळा पत्रा वाजायला लागला आणि तो आवाज एकेक घर घेत आमच्याकडे सरकला. आकाशातून काही पडताना दिसत नव्हतं. रस्त्यावरच्या धुळीत मात्र खड्डे पडत होते, मुठीएवढे, एकावर एक, आणि धूळ गुडघाभर उडत होती. मी हसत होतो, हे मला चांगलं आठवतं. इतक्या वर्षांनी ते माझ्यासमोर येत होतं.

माझ्या खांद्यावर घाव बसला. हाडापर्यंत गेला. मी वाकलो, सुनीलने मला कॉलरला धरून आत ओढलं, आणि दार लावून कडी घातली.

आत अंधार होता. राहीबाई चुलीपाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर कानांवर दाबून. वर पत्रा इतका वाजत होता की सुनीलचे ओठ हललेले दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. हे पाच-सात मिनिटं चाललं असेल. त्या आवाजाच्या आत मला दुसरा एक आवाज ऐकू यायला लागला.

कुणीतरी दारं वाजवत होतं.

आधी लांब, वरच्या आळीत. मग अलीकडे. प्रत्येक दाराशी थोडं थांबून पुढे. आणि बाईचा आवाज. "ओ बाई. ओ दादा. उघडा की." मग शेजारच्या दाराशी. मग आमच्या.

दारावर तळहाताने थापा पडल्या. त्या थांबल्यावर खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, आणखी एक हात वाजवू लागला. लहान हात. त्याला जोर नव्हता.

"कोण आहे?" मी विचारलं.

सुनीलने झटक्यात माझं मनगट धरलं. राहीबाईंनी कानांवरचे हात काढले आणि माझ्याकडे पाहिलं.

बाहेरचं दार वाजवणं थांबलं. मग अगदी फळीला तोंड लावल्यासारखा आवाज आला.

"लेकरू हाय संगं."

माझा हात कडीवर होता.

लोखंड बर्फासारखं गार होतं. लहान हात पुन्हा वाजवू लागला, सावकाश. मग थांबला.

मी कडी काढली नाही.

सुनीलने माझं मनगट धरून ठेवलं होतं, असं मी पुढे कित्येक महिने स्वतःला सांगत राहिलो. त्याने ते केव्हाच सोडलं होतं.

चार दहाला सुनीलने दार उघडलं. ऊन होतं. रस्त्यावरची धूळ सपाट, कोरडी, हात लावला तर भाजणारी. कुणाच्या पावलांचा माग नाही. माझा खांदा तेवढा काळानिळा झाला होता.

राहीबाईंनी पाणी दिलं आणि न विचारता सांगितलं. सहा वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एकच गोष्ट फिरत होती, चोरांची टोळी आलीय, पुढं लेकरू घेतलेली बाई येते, दार उघडलं की मागून माणसं घुसतात. चोवीस एप्रिलला गारांचा मारा सुरू झाला. ऊसतोडीवरून गावी निघालेली एक बाई पोरीला घेऊन रस्त्यावर अडकली. तिने सगळी दारं वाजवली.

"चाळीस घरं," राहीबाई म्हणाल्या. "एकानं बी उघडलं न्हाई. गारा थांबल्यावर गेलो तर शाळंच्या भिंतीला हुत्या दोघी. पोरीला पोटाखाली घेतलेली. पोर चार वर्षांची आसंल."

"कुठल्या होत्या?"

"कुनाला ठाव? पोलिसांनी नेल्या. इचारायला कुनी आलंच न्हाई."

"मग आता का उघडत नाही तुम्ही?" मी विचारलं. माझ्या आवाजात कुठला हक्क होता, कोण जाणे.

सुनील म्हणाला, "तुमी उघडलंत का?"

मी किल्ली परत केली. मोटारसायकलला किक मारली तेव्हा राहीबाई जवळ आल्या. "साहेब, आमी इतकी वरसं कान दाबून बसतो. तोंडातून शबूद काढत न्हाई. तुमी वळखदेख नसताना तिला आवाज दिलात."

"कोण आहे, एवढंच विचारलं."

"तेच म्हनते मी," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

नगरला येऊन मी अहवाल लिहिला. सेन्सर सदोष, जागा अयोग्य, केंद्र हलवावं. पावसाळ्याआधी तो खांब उपटून दुसऱ्या गावात लावला. नोंद घेणारं काही उरलं नाही, म्हणजे तिथे काही होतही नाही, असं मी ठरवलं. हे ठरवणं फार सोपं गेलं. अपूर्वाला, माझ्या बायकोला, खांदा गाडीवरून पडून दुखावला असं सांगितलं.

यंदा चोवीस एप्रिलला मी नगरमध्ये ऑफिसातच होतो. पारा बेचाळीसवर. तीन चाळीसपासून चार दहापर्यंत मी जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांचे आकडे पाहत बसलो. कुठेही काही नव्हतं. मी चहा मागवला.

सव्वाचारला अपूर्वाचा फोन आला. ती शाळेत शिकवते, सकाळची शाळा करून दुपारी घरी असते.

"तुमच्या ओळखीचं कोणी येणार होतं का?" तिने विचारलं.

"नाही. का?"

"एक बाई आली. मघाशी दार वाजलं, मी उघडलं. खेडेगावची वाटते. म्हणाली, साहेबांनी आवाज दिला होता मागं. अहो, एवढ्या उन्हात ओलीचिंब. कुठे भिजली, विचारलं तर सांगेना. पाणी दिलं, टॉवेल दिला."

"आहे का ती?"

"गेली. पोरीला जरा निजवते म्हणाली, तिला आपल्या पलंगावर ठेवलं आणि गेली. येईलच, लांब जाणार नाही लेकरू सोडून."

सावेडीतलं आमचं घर ऑफिसपासून दहा मिनिटांवर. मी कसा गेलो ते आठवत नाही. जिना चढताना शेजाऱ्यांचा कूलर घरघरत होता, कुणाच्या तरी टीव्हीवर मॅच चालू होती.

दार सताड उघडं होतं. आत अपूर्वाने पंखा बंद केला होता. पलंगावर दोन गोधड्या आणि माझी हिवाळ्यातली रजई, आणि त्याखाली एक लहानसा उंचवटा, भिंतीकडे तोंड केलेला. अपूर्वा पायथ्याशी बसली होती. रजईतून निघालेली दोन लहान पावलं मांडीवर घेऊन ती त्यांना सुंठ चोळत होती. चोळून चोळून तिचे तळहात लाल झाले होते.

"गाढ झोपलीय," ती हळू आवाजात म्हणाली. "अर्धा तास झाला चोळतेय. पाय गरमच होत नाहीत हो हिचे."