समुद्रातला उंबरा

बाळाची दुपटी वाळत घालायला मीनाबाई बाहेर आली, तेव्हा दुपारची जेवणं नुकतीच उरकली होती. रिसॉर्टच्या खोलीत कपडे वाळवायचं यंत्र होतं, जावयानं ते चालवूनही दाखवलं होतं. पण बाळाच्या कपड्याला ऊन हे लागलंच पाहिजे, यावर मीनाबाई अडून बसली होती. सगळे फिरंगी पाहुणे बघत असताना तिनं दोन माडांना खुशाल दोरी बांधली होती.

लेकीच्या, साक्षीच्या, बाळंतपणासाठी नवरा-बायको सोलापूरहून मलेशियाला आली होती. मुलगी झाली, अंगानं जरा भरली, तसा जावई सतीश म्हणाला, "चला, चार दिवस बेटावर जाऊ. तुम्हालाही विश्रांती." विश्रांती कशी घ्यायची असते हे मीनाबाईला आजवर कुणी शिकवलं नव्हतं. तिचा नवरा जालिंदर, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्याकडं तोंड करून गप्प बसायचा. तो का गप्प आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मे महिना चालू होता.

करमाळ्याकडचं जालिंदरचं गाव उजनी धरणात गेलं, तेव्हा तो शाळेत होता. आई त्याआधीच गेलेली, घरामागच्या वावरात तिला पुरलेलं. मग घरावर आणि आईवर एकदमच पाणी चढलं. उन्हाळ्यात धरण उतरलं की गाळातून घराचं जोतं आणि दगडी उंबरा तेवढा वर येई. दर मे महिन्यात जालिंदर मीनाबाईला घेऊन तिथं जायचा आणि उंबऱ्यावर बसून राहायचा. बाबासाहेबांच्या वाटेनं चालणारा माणूस, नवस-सायास कधी केले नाहीत. परत येताना फक्त म्हणायचा, "आईकडं जाऊन आलो." यंदा पहिल्यांदाच ते जाणं चुकलं होतं.

दुपट्याला चिमटा लावता लावता मीनाबाईनं मान वर केली आणि तिचा हात थांबला. समोर समुद्र नव्हता.

ओहोटी असते, पाणी दुपारी मागं जातं आणि पुन्हा येतं, हे सतीशनं दोनदा बजावलं होतं. पण एवढं मागं? नजर पोचेल तिथवर ओली वाळू. नावा कुशीवर कलंडलेल्या. आणि त्या वाळूतून, चपला हातात घेऊन, जालिंदर सरळ आत चालला होता.

हा उजनीच्या भरवशावर निघालाय! तिथलं पाणी एकदा उतरलं की मिरगापर्यंत येत नाही. हे पाणी संध्याकाळी येणार होतं.

"अवो! थांबा की वो!"

तो थांबला नाही. मीनाबाई पदर खोचून धावत सुटली. मागचं रिसॉर्टचं गाणं विरलं, वाराही पडला. पायाखालची पांढरी वाळू कढत होती. मग एकाएकी तळव्यांना गारवा लागला. तिनं खाली बघितलं. माती काळी होती. आपल्याकडची काळी, चिकट, पाऊल धरून ठेवणारी. तिला उजनीच्या गाळाचा वास आला, आणि त्याच्या आडून ताज्या सारवणाचा.

तिनं मान उचलली.

उजनीत नुसतं जोतं उरलं होतं. इथं अख्खं घर उभं होतं. सारवलेल्या भिंती, वळचणीतून ठिबकणारं पाणी, उघडं दार. उंबऱ्याचा कोपरा फुटलेला, जसा ती दरसाल बघत आली होती तसाच. तिला भीती वाटलीच नाही. एवढा समुद्र, एवढी जमीन ओलांडून एक घर आपल्या माणसाला शोधत आलं होतं. तिचे हात आपोआप जोडले गेले आणि डोळे भरून आले.

जालिंदर उंबऱ्यावर बसला होता.

"मीना… आपुन गेलो न्हाय, तर तीच आली गं… एवढ्या लांब…"

"व्हय… पन आता उठा. पानी यील."

"कुटलं पानी? मिरग लांब हाय अजून."

आत अंधारात जातं फिरत होतं. ते थांबलं. बांगड्या किणकिणल्या. दारातल्या काळोखातून एक हात बाहेर आला, पाण्यात फार दिवस राहिल्यासारखा पांढराफटक, सुरकुतलेला. तो जालिंदरच्या डोक्यावरून मायेनं फिरू लागला. जालिंदरनं डोळे मिटले.

मीनाबाईच्या घोट्यांना पाणी लागलं.

तिनं त्याला ओढलं. तो दगडासारखा जड झाला होता. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. सासूला तिनं कधी पाहिलं नव्हतं, फोटोसुद्धा नव्हता. तिनं डोक्यावर पदर घेतला.

"आत्याबाई… मी मीना. तुमची सून."

हात थबकला.

"ह्यांना सोडा… मला लई गरज हाय ह्यांची. साक्षीला पोरगी झालीय, तुमची पणती… पुढल्या उन्हाळ्यात आनते तिला. तुमच्या पायावर घालते… शब्द देते."

पाणी मांड्यांपर्यंत चढलं. मग तो हात सावकाश उचलला गेला.

कमरेइतक्या पाण्यातून ती दोघं किनाऱ्याला लागली. सतीश ओरडत धावत आला. मागं वळून पाहिलं तर भरलेला, चकाकणारा समुद्र. जालिंदर उघड उघड रडत होता आणि हसतही होता. "सगळं घर उभं हाय, बघितलंस न्हवं?" मीनाबाईला मात्र आत्ता कुठं कळायला लागलं होतं, आपण तोंडातून काय काढून बसलो ते.

खोलीत साक्षी वैतागलेली होती. "आई, डॉक्टरांनी काजळ लावू नका म्हणून सांगितलंय ना? माझा जरा डोळा लागला, तेवढ्यात लावून गेलीस!"

मीनाबाई पाळण्यावर वाकली. बाळाच्या गालावर तीट होती. बोटानं टेकवलेली, ओली. ते काजळ नव्हतं. काळी माती होती.

"पुढल्या उन्हाळ्यात म्हनलं हुतं की, आत्याबाई…" ती पुटपुटली.

बाळ जागं होतं. आजीच्या खांद्यावरून मागं बघत ते हुंकार देत होतं. मधेच थांबे, नीट ऐकून घेई आणि पुन्हा हुंकार देई.