मागे राहिलेला ‘नाही’

चंद्रावरच्या वसाहतीत ओवीने काचघरात वाल लावला होता. एके दिवशी येऊन पाहते तो काय, उन्हाची झडप सताड उघडी आणि रोपं करपलेली! एकच तेवढं तग धरून होतं.

झडप उघडली होती सांगकाम्याने. काचघर सांभाळणारा हा यंत्रमानव नावाला जागणारा होता. सांगितल्यावाचून बोटही हलवायचा नाही.

“‘झडप उघडायची’ अशी आज्ञा आली,” तो म्हणाला. “मागाहून नुसतं ‘नाही’ आलं. त्याचं काय करायचं ते कळेना.”

“म्हणजे ‘उघडायची नाही’ असं होतं! आत्या, याला आधी काढून टाक!” ओवीला रडू फुटलं.

“उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! तुम्ही दोघंही तसलेच,” आत्या म्हणाली. सांगकाम्याचा प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता. “चूक माझी आहे. नियंत्रण कक्षाचं बोलणं त्याला सॉकेटमधून (दोन यंत्रांना जोडणाऱ्या वाटेचं टोक) ऐकू येतं. अक्षरं नळाच्या पाण्यासारखी येतात. क्रम चुकत नाही, पण एका खेपेला किती येतील याचा नेम नाही. मी एक खेप म्हणजे एक आज्ञा धरून चालले. आणि मराठीत नकार येतो शेवटी!”

“मग आज्ञा संपली हे ओळखायचं कसं?”

“पूर्णविरामावरून. तोवर आलेलं सांभाळायचं.”

“कुठे?”

“तीच तर गंमत. हा प्रोग्रॅम फलनांच्या भाषेत लिहिलाय. फलन (दिलेल्यावरून उत्तर काढणारा नियम) स्वतःजवळ काही ठेवत नाही. त्याला मागचं उरलेलं आणि नवं आलेलं, दोन्ही द्यायचं. ते पुऱ्या झालेल्या आज्ञा आणि नवं उरलेलं परत देतं. ते उरलेलं पुढच्या खेपेला पुन्हा त्याच्याच हवाली करायचं.”

“मग सॉकेट न जोडताही तपासता येईल!” ओवीने डोळे पुसले. आत्याने तसं फलन लिहिलं आणि ओवीने त्याला हातानेच ‘झडप उघडायची’ दिलं. आज्ञा निघाली नाही, सगळं उरलेल्यात गेलं. मग ते उरलेलं आणि ‘नाही.’ दिलं, तेव्हा कुठे आज्ञा अख्खी बाहेर आली.

आत्याने नवा प्रोग्रॅम चढवला. थोड्याच वेळात खरी आज्ञा आली. ‘झडप उघडायची’. ओवीने झडपेकडे पाहिलं. सांगकाम्या जागचा हलला नाही. मग ‘नाही.’ आलं. झडप बंदच राहिली.

“या वाचलेल्या रोपाला शेंगा धरल्या की बी मंगळाच्या मोहिमेला द्यायचं,” आत्या म्हणाली.

एरवी ओवीने उडीच मारली असती. आज ती थांबली.

“पूर्णविराम?” तिने विचारलं.

“पूर्णविराम,” आत्या म्हणाली, आणि मग ओवीने उडी मारली.