उनपदेवचं गार पाणी

गाडी अभिमनची, डिझेल प्रेमराजचं आणि वनाच्या मांडीवर त्याच्या बायकोनं, भिकुबाईनं बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी. पायाशी दुधाचा रिकामा कॅन. उनपदेवच्या गरम पाण्यानं कातडीचे डाग जातात, असं लोक सांगतात. वनाला ते पाणी लेकीसाठी, रूपासाठी हवं होतं.

सुपारी फुटून ठरलेलं रूपाचं लग्न मोडलं होतं. सुरतेच्या पाहुण्यांनी निरोप धाडला, की मुलीच्या अंगावर कोड आहे. घराबाहेर हे फक्त या दोघा मित्रांना ठाऊक होतं, कारण धुळ्याच्या डॉक्टरकडे तेच सोबत आले होते. भिकुबाई तेव्हापासून गप्प होती. सुरत लांब, लेक डोळ्याआड होईल, असं ती सुपारीच्या दिवसापर्यंत म्हणत होती, पण मोडल्यावर चकार शब्द नाही.

मन मोकळं होईल, चल, असं मित्र म्हणाले. वना निघाला तो वेगळ्याच विचारानं. दिवसभर सोबत राहिलं की दोघांपैकी कोणी पाहुण्यांना सांगितलं ते तोंडावर दिसेल, असं त्याला वाटत होतं.

अडावद मागं पडलं. केळीच्या बागा संपून सातपुड्याचा वाळका साग सुरू झाला. उनपदेवला दगडी गायीच्या तोंडातून पाणी कुंडात पडत होतं. वाफ वर येत होती आणि आगपेटीची काडी ओढल्यासारखा वास होता.

अभिमननं पाय घातला आणि उडी मारून मागं आला.

"चहापत्ती टाक रे वना, चहा व्हई."

प्रेमराज मात्र थेट धारेखाली जाऊन बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "पानी गार शे आज."

थट्टा असेल म्हणून दोघं हसले. मग वनाला त्याचे दात वाजताना ऐकू आले. ओठ काळेनिळे पडले होते आणि खांदे मात्र भाजल्यासारखे लाल. वनानं त्याला ओढून काढलं, तेव्हा धारेत गेलेली वनाची बोटं पोळली.

हिवताप असेल, असं अभिमन म्हणाला. वनालाही ते पटलं. अंगात ताप असला की पाणी गार लागतंच. त्यानं कॅन भरला, झाकण घट्ट लावलं. पुढं सुनपदेवच्या गरम झऱ्यावर थांबले, तिथंही प्रेमराजनं ओंजळ पाण्यात धरली आणि मान हलवली. तिथंही गारच.

परतीच्या वाटेवर भर उन्हात काचा लावून घेतल्या होत्या. प्रेमराज मागच्या सीटवर टॉवेल गुंडाळून बसला होता. त्याच्या हातांवर फोड आले होते. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी तो बोलला.

"मीच सांगं सोयरास्ले, वना."

अभिमननं गाडीचा वेग कमी केला. वना खिडकीतून केळीकडे पाहत राहिला. सुपारीत सोयऱ्यांच्या पंगतीत वाढायला हाच पुढं होता.

"पन त्यास्ले पहिलेच माहीत व्हतं," प्रेमराज म्हणाला. "डाव्या खांदाखाल शे का, इतलंच त्यास्नी माले इचारं. मी हा म्हनं."

वनानं त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढं चोपडा आलं, तापीचा पूल आला. डाग पाठीवर आहे एवढंच भिकुबाईनं वनाला सांगितलं होतं. तो नेमका कुठं आहे, हे त्यानं स्वतः कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरच्या खोलीत लेकीबरोबर तीच गेली होती.

पायाशी ठेवलेला कॅन अजून चटका देत होता. त्यानं पाय बाजूला घेतले.

घरी पोचले तेव्हा दिवे लागत होते. अभिमन अंगणाबाहेरूनच प्रेमराजला दवाखान्यात घेऊन गेला. वनानं कॅन ओट्यावर ठेवला. रूपानं झाकण काढलं तशी वाफ तिच्या तोंडावर आली.

"आई, जपून. लई गरम शे."

भिकुबाईनं पाणी घंगाळात ओतलं. वना दारातच उभा राहिला. तिनं बांगड्या मागं सारल्या आणि हात घातला.

तिनं हात ओढून घ्यावा, एवढीच तो वाट पाहत होता.

ती पाणी ढवळत राहिली. मनगट लाल होत गेलं.

"हाई ते गार शे," ती रूपाला म्हणाली. "थांब, चुलीवर ठेवस."